चालकाचे नाव

शंकरराव मेहकर आगारातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर एकोणतीस वर्षांची नोकरी होती आणि एकही अपघात नव्हता. घाटातलं धुकं, रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या म्हशी, ब्रेकपेक्षा हॉर्नवर जास्त भरवसा ठेवणारे ट्रकवाले, एवढ्या सगळ्यांतून त्यांनी एस.टी. नेली-आणली होती, कुणाला खरचटूही दिलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतःहून कधी सांगत नसत. फक्त, ज्यानं विचारलं नाही त्यालाही ती कळेल अशी व्यवस्था ठेवत.

निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्यांनी घरात काढली, आणि ती जनकाबाईंना फार जड गेली. त्या चुलीपासून मोरीकडे निघाल्या की हे बाजेवरून सांगत, "डावीकून घे. मांगं पाह्य, मांगं." एकदा भरली घागर घेऊन त्या उंबऱ्याशी उभ्या असताना यांनी "येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस!" असा आवाज दिला, तेव्हा जनकाबाईंनी घागर तिथंच खाली ठेवली आणि पुण्याला मुलाला फोन लावला.

मुलाचं नाव संघपाल. त्यानं आठ दिवसांनी काम शोधून दिलं. सारथ्य नावाची एक कंपनी विजेवर चालणारी, आपली आपण चालणारी मोटार बनवत होती. पुण्याच्या गुळगुळीत रस्त्यांवर ती शिकून झाली होती. आता तिला खेड्यातला रस्ता शिकवायचा होता, आणि त्यासाठी मेहकर ते साखरखेर्डा हा रस्ता निवडला होता. अनुभवी ड्रायव्हर हवा होता.

"काम काय हाये?" शंकररावांनी विचारलं.

"बसायचं, बाबा."

"अन् गाडी?"

"गाडी आपली आपन चालते."

"मंग मी काऊन?"

"कायद्यानं कोनीतरी बसा लागते."

शंकरराव विचारात पडले. जनकाबाईंनी फोन हातातून घेतला आणि सांगितलं, "बसतील. त्याईले बसाची सवय हाये."

मोटार आली ती पांढरीशुभ्र. टपावर एक काळा डबा, सारखा गरगर फिरणारा. चारी बाजूंनी कॅमेरे. सोबत अनुपमा नावाची इंजिनिअर मुलगी, पुण्याची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. ती मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसे. पहिल्याच दिवशी तिनं नियम समजावून सांगितला.

"काका, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. पण हात आणि पाय तयार ठेवायचे. काही धोका वाटला तर लगेच ताबा घ्यायचा."

"म्हनजे लावाचा, का नाही लावाचा?"

"लावायचा नाही. पण लावायला तयार राहायचं."

शंकररावांनी दोन्ही हात स्टिअरिंगच्या खाली मांडीवर उताणे धरले, जणू कुणीतरी आत्ता त्यांच्या ओंजळीत तान्हं बाळ ठेवणार आहे. पहिले चार दिवस ते तसेच मेहकरहून साखरखेर्ड्याला गेले आणि आले. संध्याकाळी खांदे इतके भरून येत, की जनकाबाईंना वाटलं नवऱ्याला हमालीवर ठेवलंय.

त्रास दोन होते. एक म्हणजे मोटारीला आवाजच नव्हता. एस.टी. फाट्यावर असतानाच गावाला कळायची. ही बाई मात्र मांजरासारखी येऊन मागं उभी राहायची. आणि दुसरा त्रास म्हणजे तिचा स्वभाव. ती कुणासाठीही थांबत असे. कुत्रं रस्त्याच्या मधोमध बसून कान खाजवायला लागलं की ती त्याचं खाजवून होईपर्यंत उभी. कडब्याची पेंडी दिसली, उभी. शंकररावांचा हात हॉर्नकडे जायचा आणि मागून अनुपमा म्हणायची, "नको काका, ती शिकतेय."

वाटेत बोरखेडी नावाचं गाव लागतं. तिथल्या बायकांना हे आठवडाभरात कळलं. सोंगणीहून परतताना विळा धरलेला हात वर केला, की मोटार थांबलीच. अनुपमा त्यांना समजावून सांगे की ही प्रवासी गाडी नाही. तोवर दोघी आत बसलेल्या असत. गावातला कचरू, ज्याच्याकडे वीसेक बकऱ्या होत्या, तो एकदा मोटारीच्या पुढच्या काचेवरून हात फिरवत म्हणाला, "जयभीम, शंकरराव. गाडी लय गरीब हाये हो तुमची. बिल्कुल मारकी नाही."

शंकररावांना ते ऐकून बरं वाटलं नाही. गाडीला थोडी जरब पाहिजे असं त्यांचं मत होतं.

कंपनीनं अनुपमाला आणखी एक काम दिलं होतं. लोकांना प्रश्न विचारून उत्तरं लिहून आणायची. बोरखेडीच्या फाट्यावर चहाचं हॉटेल आहे. तिथं एका सकाळी तिनं टॅब उघडला आणि बाकड्यावरच्या माणसांना विचारलं, "समजा, गाडीचे ब्रेक निकामी झाले. डावीकडे एक म्हातारी बाई आहे, उजवीकडे दोन तरुण आहेत. गाडीनं कुठं जावं?"

गावातल्या सोजराबाई उसनी साखर न्यायला आल्या होत्या. त्यांनी आधी विचारलं, "ब्रेक कसे गेले? एवढ्या महागाची गाडी, घरून निंघतानी ब्रेक पाह्यले नाही का?"

"आजी, समजा गेले."

"मी काऊन समजू? समजून समजून मानसं मारू का?"

"म्हातारी कोनाची हाये?" दुसऱ्या एकानं विचारलं. "आपल्या गावची, का पावनी?"

"अन् बोकड असलं तं?" कचरूनं विचारलं.

"प्रश्नात बोकड नाहीये, दादा."

"रस्त्यात असते ना पन."

मग सोजराबाईंचे यजमान महादेवराव पुढे झाले. महादेवराव माजी सरपंच, दोन वेळा निवडून आलेले. तिसऱ्या वेळी पडले होते, पण ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. ग्रामपंचायतीत अजून ते त्याच खुर्चीवर बसत आणि विद्यमान सरपंच बाजूला स्टूल घेई. ते खाकरून म्हणाले, "लिहून घ्या मॅडम. पह्यले मानूस कोन हाये ते पाहा लागते. समजा एका बाजूनं चार रिकामटेकडे हायेत, अन् एका बाजूनं गावचा जबाबदार मानूस हाये. मंग गाडीले ते वळखता आलं पाह्यजे."

"गाडीला माणूस ओळखू येतो, काका. हुद्दा नाही ओळखू येत."

"मंग अर्धवट हाये तुमची गाडी," महादेवराव म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

शंकररावांना कुणी विचारलं नाही. ते कंपनीचे नोकर असल्यामुळे त्यांचं उत्तर धरत नव्हते.

दिवाळी होऊन गेली. सकाळी बोचरी थंडी पडायला लागली. बोरखेडीच्या अलीकडे अर्ध्या डांबरी रस्त्यावर ताडपत्र्या टाकून लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं आणि कडेनं दगड लावले होते. गाडीला एव्हाना हे समजू लागलं होतं. ती सोयाबीन दिसलं की वेग कमी करी आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यानं निमूट पुढं जाई.

त्या मंगळवारी आठाच्या सुमारास ती तशीच चालली होती. डावीकडे सोजराबाईंचं सोयाबीन पसरलेलं होतं. शंकरराव मागं बसलेल्या अनुपमाला सांगत होते की यंदा दाणा बारीक पडला आहे. एवढ्यात उजवीकडच्या नालीतून कचरूचं काळं बोकड उसळी मारून वर आलं आणि सोयाबीनकडे निघालं. मधे रस्ता होता आणि रस्त्यात गाडी होती, याची बोकडानं दखल घेतली नाही.

गाडीला गचका बसला. मग ती डावीकडे वळली आणि दगड उडवून सोयाबीनवर चढली. गोल, कोरडे, टणटणीत दाणे. त्यांच्यावर कसला ब्रेक लागतो? चाकं जागच्या जागी थांबली होती, पण गाडी घसरतच राहिली, अगदी आरामात, हू की चू न करता. ताडपत्रीच्या पलीकडच्या टोकाला एक बाज होती आणि बाजेवर गोधडी होती. गाडी जाऊन बाजेच्या पायाला हळूच टेकली आणि थांबली.

गोधडीतून महादेवरावांचं डोकं बाहेर आलं. बकऱ्यांपासून राखण करायला ते पहाटेच येऊन बसले होते आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला होता. डोळे उघडून पाहतात तो नाकासमोर पांढरं धूड आणि त्याच्या डोक्यावर गरगरणारा डबा. ते ओरडले नाहीत. गोधडीसकट पलीकडच्या नालीत उडी मात्र मारली, आणि त्यात त्यांचा उजवा पाय मुरगळला.

बोकड सोयाबीन खात उभं होतं.

पाच मिनिटांत अर्धं गाव जमलं. महादेवरावांना बाजेवर आणून बसवलं. पाय सुजायला लागला होता, पण त्यांना पायाचं काही नव्हतं.

"बोकड वाचवलं!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "समोर बोकड होतं, अन् हिकडे मी होतो. मी! अन् तिनं बोकड वाचवलं!"

"अवो, बोकड उभं होतं, तुमी घोरत होते," सोजराबाई विखुरलेलं सोयाबीन गोळा करता करता म्हणाल्या. "तिले जे जितं दिसलं ते तिनं वाचवलं."

लोक तोंडं फिरवून हसायला लागले. कचरूला हसावं की घाबरावं ते समजत नव्हतं. पण आपल्या बोकडाची किंमत एका यंत्रानं अशी चारचौघांत ठरवली, याचा त्याला आतून थोडा अभिमान वाटत होता, आणि तो लपत नव्हता.

"दवाखान्यात चला," अनुपमा म्हणाली.

"पह्यले न्याय," महादेवराव म्हणाले, "मंग पाय."

ठाण्यातून जमादार आले. त्यांनी पायानं सोयाबीन बाजूला सारून बाजेवर बैठक मारली आणि कागद काढला. वाहनाचा प्रकार, रंग, नंबर झाले. इंधनाच्या रकान्यात 'वीज' लिहिलं. मग त्यांनी वर पाहिलं.

"चालकाचं नाव?"

शंकरराव म्हणाले, "चालक नाही, साहेब. गाडी आपली आपन चालत होती."

"मंग गाडीचं नाव सांगा."

"सारथ्य वन," अनुपमा म्हणाली.

"वडलाचं नाव?"

अनुपमानं लॅपटॉपकडे पाहिलं.

"वय?"

"म्हणजे… आठ महिने झाले तयार होऊन."

जमादारांनी पेन थांबवलं. "म्हनजे अल्पवयीन हाये."

लोकांनी पुन्हा तोंडं फिरवली. जमादार त्रासून शंकररावांना म्हणाले, "तुमी स्टिअरिंगसमोर बसेल होते ना? मंग तुमचंच नाव टाकतो."

तेव्हा शंकररावांच्या आत काहीतरी भडकलं. एकोणतीस वर्षं जिथं शाईचा ठिपका पडला नव्हता, तिथं हा माणूस सरळ नाव टाकायला निघाला होता. ते उभे राहिले.

"माहं नाव टाकू नका. मी हात लावलाच नाही. हे दोन हात," त्यांनी ते सगळ्यांना दाखवले, "हे मांडीवर होते. या हातानं एकोनतीस वर्षात कोंबडीचं पिल्लू नाही मेलं. जे केलं ते मशीननं केलं. मशीनले धरा, मशीनच्या मालकाले धरा. ड्रायव्हरच्या गळ्यात बांधू नका!"

गावाला ते फार पटलं. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. जमादारांनी रकाना कोरा ठेवला आणि उद्या अकरा वाजता ग्रामपंचायतीत सगळ्यांनी हजर राहावं, कंपनीच्या साहेबालाही बोलवावं, असं सांगून ते गेले.

त्या संध्याकाळी सहाला मेहकरात गाडी चार्जिंगला लावली होती. शंकरराव बाजूच्या टपरीवर सकाळचं आपलं भाषण तिसऱ्यांदा सांगत होते. अनुपमा लॅपटॉप घेऊन आली.

"काका, जरा इकडं येता?"

गाडीत बसणाऱ्यावरही एक कॅमेरा होता, हे त्यांना ठाऊक होतं; त्यासाठी ते रोज दाढी करून जात. अनुपमानं चित्र हळू लावलं. पडद्यावर शंकरराव बसलेले होते, हात मांडीवर. मग ते दोन हात मांडीवरून उठले, स्टिअरिंग धरलं आणि डावीकडे ओढलं. झटकन, सफाईनं. घाटात हजार वेळा ओढलं होतं तसं. तोंडाला त्याचा पत्ताच नव्हता. तोंड अजून दाणा बारीक पडल्याचं सांगत होतं.

शंकररावांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"गाडीनं ब्रेक आधीच लावला होता," अनुपमा हलक्या आवाजात म्हणाली. "सरळ राहिली असती तर बोकडाच्या दोन हात अलीकडे थांबली असती."

"पक्कं?"

"हिशेब तसं सांगतो."

"अन् हिशेब चुकला असता तं?"

"तर बोकड गेलं असतं."

शंकरराव बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले. दुसऱ्याचे आणून लावले असावेत असे ते त्यांना वाटले.

"मले आठवतच नाही, बेटा," ते म्हणाले. आजवर ते तिला मॅडम म्हणत होते.

"मला माहीत आहे, काका. तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण हे मला उद्या सकाळी दहा वाजता पुण्याला पाठवावं लागेल. हात तुमचे आहेत, म्हणून आधी तुम्हाला दाखवलं."

घरी जेवताना भाकरी तोंडात फिरायला लागली. जनकाबाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं.

"तुमचेच हात होते का?"

"हाव."

"मंग सांगून द्या."

"गावासमोर भाषन दिलं मी. टाळ्या वाजल्या. आता काय तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं भाषन दिलं त्याच तोंडानं. सकाळी उठून मुसावादा वेरमणी म्हनता ना? खोटं बोलनार नाही म्हनून रोज शील घेता, ते काय माह्यासाठी घेता?"

"पन मले कंपनीनंच सांगतलं होतं ना, हात लावू नका म्हनून!"

"तेबी सांगा. अर्धंच कायले सांगता?"

बुधवारी अकराला ग्रामपंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. महादेवराव आपल्या खुर्चीवर, सुजलेला पाय स्टुलावर. त्यामुळे सरपंच उभे. कंपनीचे हर्षल साहेब पुण्याहून आले होते. विजेच्या गाडीच्या कंपनीचा हा मोठा साहेब डिझेलच्या गाडीतून आला, कारण वाटेत चार्जिंगची खात्री नव्हती. त्यांनी एक छापील कागद काढून शंकररावांपुढं ठेवला.

"काका, फक्त औपचारिकता आहे. इथं सही करा. घटनेच्या वेळी वाहनाचा ताबा आणि जबाबदारी तुमच्याकडे होती, एवढंच."

शंकररावांनी चष्मा लावला. कागद सावकाश वाचला. खालची तारीख वाचली.

"साहेब, यावर कालची तारीख हाये. वेळ दुपारची बारा. मॅडमनं ते चित्र पाह्यलं सांजच्याले. मंग बारा वाजता तुमाले कसं समजलं, का ताबा माह्याकडे होता?"

"हा स्टँडर्ड फॉरमॅट असतो."

"म्हनजे अपघाताच्या आंधीपासून तयार?"

"हो. म्हणजे, तसं नाही."

अनुपमा काहीतरी बोलायला उठली, पण शंकररावांनी हातानं तिला थांबवलं. मग ते गावाकडे वळले. सकाळपासून चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"काल मी बोललो ते चूक होतं," ते म्हणाले. "गाडी मीच वळवली. मले पत्ता नव्हता, पन हात माहेच हायेत. मी पाह्यलं डोळ्यानं. गाडीनं तं ब्रेक लावला होता, थे सरळ थांबत होती. मीच ओढली तिले सोयाबीनवर."

हर्षल साहेबांनी खिशातलं पेन काढून पुढं धरलं.

"थांबा साहेब, सही करतो. पन दोन ओळी माह्या हातानं लिहीन. मले सांगतलं होतं, स्टिअरिंगले हात लावाचा नाही. अन् कागदावर लिहून घेतलं, का जबाबदारी माही. हात बांधून बसवाचं अन् मंग म्हनाचं, तूच चालवत होता. गाडीनं चांगलं केलं तं तुमची गाडी, वंगाळ झालं तं माहा हात. हे काही बराबर नाही. चूक माही हाये ते मी लिहितो. हे तुमी लिहा."

हर्षल साहेब म्हणाले की यावर वरिष्ठांशी बोलावं लागेल. अनुपमा म्हणाली की तिच्या अहवालात हे दोन्ही आहे आणि तो तासाभरापूर्वीच गेला आहे. साहेबांनी पेन परत खिशात ठेवलं.

पण गावाचं लक्ष साहेबांकडे नव्हतंच. सगळे महादेवरावांकडे पाहत होते. महादेवराव खुर्चीतून पुढं झुकले होते.

"शंकरराव, म्हनजे तुमी होते?"

"मी होतो."

"तुमी बोकडाले पाह्यलं, मले पाह्यलं, अन् मंग—"

"तुमी दिसलेच नाही, महादेवराव. गोधडी दिसली. थेही नंतर दिसली. बोकड दिसलं अन् हात उठले. हातानं मले इचारलंच नाही."

"म्हनजे तुमी तोलून पाह्यलं नाही? बोकड का महादेवराव, असं?"

"टाइम कुठं होता हो?"

"चूक झाली?"

"चूक झाली."

महादेवरावांनी खुर्चीला पाठ टेकवली. त्यांच्या चेहऱ्यावर कालपासून असलेला ताण उतरताना सगळ्यांना दिसला.

"मंग काही नाही," ते म्हणाले. "मानसाकून चूक होते. काल दिवसभर मले एकच घोर लागला होता, का त्या डब्यानं दोघाईले नीट पाह्यलं, हिशेब केला, अन् मले कमी धरलं. माह्यात काय कमी हाये, ते कोनाले इचारू? तो डबा तं बोलतही नाही."

"मले इचारा लागत होतं," सोजराबाई म्हणाल्या, आणि मग मात्र कुणालाच तोंड फिरवायला वेळ मिळाला नाही. खुद्द महादेवरावही हसले.

जमादारांनी घाईनं कागद पुढं ओढला आणि रकान्यात नाव लिहायला घेतलं. 'शंक' एवढं झालं असेल.

"जमादार, माही काही तक्रार नाही," महादेवराव म्हणाले.

"अवो, काल नाव नव्हतं तं तक्रार होती, आता नाव भेटलं तं तक्रार नाही! मी काय करू या कागदाचं?"

सोयाबीनचं काय, हा प्रश्न कचरूनं आपणहून मिटवला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं ते पुन्हा गोळा करून, चाळून, दगड निवडून पोत्यात भरून द्यायचं ठरलं, कारण मूळ चोर त्याच्याच घरचा होता.

कंपनीनं पुढं महिनाभर विचार केला. मग पत्र आलं. नवा नियम असा, की गाडी चालू असताना बसणाऱ्याचे हात सतत स्टिअरिंगवर आणि पाय ब्रेकवर असावेत, आणि त्यानं हॉर्न वाजवायला हरकत नाही. पत्र वाचून शंकरराव जनकाबाईंना म्हणाले, "याले आमच्या आगारात गाडी चालवनं म्हनत." अनुपमा मात्र त्या नियमावर खूश नव्हती. हात कुठं ठेवायचे ते लिहिलंय, जबाबदारी कुठं ठेवायची ते नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्यावरून तिची हर्षल साहेबांशी फोनवर रोज वादावादी होई, आणि शंकरराव आरशातून पाहत तिला मान हलवून बळ देत.

पण ते सगळं नंतरचं. त्या बुधवारी न्याय झाला आणि पाय उरला. पाय भोपळ्यासारखा झाला होता. महादेवरावांनी जाहीर केलं की ते मेहकरच्या दवाखान्यात जातील तर त्याच गाडीतून, पुढच्या सीटवर.

दोघांनी उचलून त्यांना बसवलं. अनुपमानं मागून विचारलं, "काका, सिस्टीम सुरू करू?"

"राहू द्या बेटा. आज पेशंट हाये."

शंकररावांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. धरताना एक क्षण ते कचरले, हे फक्त त्यांनाच कळलं. मग त्यांनी गाडी काढली. बोरखेडी ते मेहकर त्यांनी तिसावर काटा जाऊ दिला नाही. प्रत्येक खड्ड्याआधी "खड्डा हाये" असं सांगितलं आणि प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. महादेवराव वाटेत भेटेल त्याला काचेतून हात करत होते आणि थंड हवेचं बटण कोणतं, खिडकीचं कोणतं, याची चौकशी करत होते. कालचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही.

दवाखान्यात फोटो काढला. हाड शाबूत होतं, पाय नुसता मुरगळला होता. डॉक्टर तरुण होता, नवीन बदलून आलेला. पाय बांधता बांधता त्यानं कागद पुढं घेतला आणि विचारलं, "कशानं झालं?"

शंकरराव दाराशी उभे होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

"बाजेवरून पडलो," महादेवराव म्हणाले.

"झोपेत?"

"हाव. झोपेत."

डॉक्टरनं तसं लिहिलं. शंकररावांनी पुढं होऊन महादेवरावांची चप्पल उचलली आणि त्यांच्या बऱ्या पायात घालून दिली. मग खांदा देऊन त्यांना उठवलं. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल, असे दोघं म्हातारे दाराकडे निघाले, आणि शंकरराव वाट काढत सांगत होते, "डावीकून घ्या. पायरी हाये. येऊ द्या, येऊ द्या."